खिडकीतली ओली बशी

नाना, आधी कल्पनाक्काचं नाव घेते. तुमची धाकटी लेक, धुळ्याला शाळेत शिकवते ती. तुम्ही गेलात त्याआधीच्या रविवारी तिने फोन तुमच्या कानाला धरून ठेवला, हात भरून आला तरी. दहाव्या दिवसाचं सगळं आटोपल्यावर, मी भीतभीत मागितला म्हणून, तुमच्या खिडकीचा फोटो काढून पाठवला. आणि तुमच्या लोखंडी कपाटात माझं नाव लिहिलेलं एक खाकी पाकीट सापडलं, ते न उघडता कुरिअर केलं. काल ते इथे पोचलं. घरात माणसं, भांडी, सतरंज्या, आणि त्यातून ती कुरिअरच्या दुकानात जाऊन उभी राहिली.

तुम्ही मंगळवारी गेलात. मला बुधवारी कळलं, तोवर जळगावात सगळं उरकलं होतं. इथून, कच्छच्या मिठागरावरून, निघाले असते तरी दोन दिवस लागले असते, आणि मिठाचा हंगाम संपत आला की सुट्टी कोणी देत नाही. हे कारण खरं आहे. पण सुट्टी मागायलाच मी घाबरले, हेही खरं आहे. का घाबरले ते पुढे लिहिते. तुम्हाला ते सांगितलं नव्हतं.

रविवारी मी फोनवर काय बोलले ते आठवतं का? "बशी वाळली का, नाना?" इतकंच. माणूस जायला निघालेलं असताना कोणी असं विचारतं का. पण आपण दर मे महिन्यात तेच विचारत आलो, आणि माझ्या तोंडून तेच निघालं. तुम्ही म्हणालात, "नही वाळनी." मग खोकला आला आणि कल्पनाक्काने फोन घेतला. म्हणजे तुमचा माझ्याशी शेवटचा शब्द एका बशीबद्दल आहे. मला त्याचं फार वाईट वाटत नाही.

पहूरहून मी जळगावला आले तेव्हा सव्वीस वर्षांची होते, शाळा आठवीत सुटलेली. तुम्ही काम करायचात त्या छोट्या कारखान्यात केळीच्या ठिबकला द्यायचं पातळ खत कॅनमध्ये भरायचे. माझं काम कॅन धुणं आणि लेबलं चिकटवणं. तुम्ही धुळ्याच्या कॉलेजात जन्मभर प्रयोगशाळेत परीक्षानळ्या लावलेले, निवृत्त होऊन तिथे द्रावणं बघायला आलेले. मला वाटायचं म्हातारा कडक असेल. पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला पिंपाजवळ बोलावलंत. मे महिना, टाकीतलं पाणी अंघोळीला लागतं तसं कढत. त्यात तुम्ही पोटॅशचं पांढरं खत ओतलंत, शेतकरी ज्याला तेरा-शून्य-पंचेचाळीस म्हणतात ते, आणि लाकडी फळीने ढवळलंत.

"हात लाव पिंपले. काय लागस?"

पिंप गार पडलं होतं. बर्फ टाकल्यासारखं.

"बर्फ टाकला का, नाना?"

"टाकला असता तर तुले दिसता नही का? खत विरघळताना पाण्यातली गरमी खातं. म्हणून सावकाश घालायचं. पाणी गार झालं की त्याची भूक मरते, मग उरलेलं तळाला बसतं."

माझी बोली तावडी, तुमची अहिराणी. तुम्ही मला "लेवापट्टीची बाई" म्हणून चिडवायचात आणि मी म्हणायचे, नाना, तुमचं अर्धं मराठी गुजरातेतून आलंय, जकात भरली का. पण त्या दिवशी मला एक नवीन गोष्ट कळली. पाणी किती घेईल हे पाण्याच्या मर्जीवर नाही, त्याच्या गरमीवर आहे. शाळेत हे मला कोणी सांगितलं नसेल असं नाही. सांगितलं त्या दिवशी मी बहुधा कापूस वेचायला गेले असेन.

आणि त्याच ज्ञानावर मी चूक केली. दुसऱ्या मे महिन्यात तुम्ही आठ दिवस कल्पनाक्काकडे होतात. मालक म्हणाले, थोडं दाट बनव, गिऱ्हाईक खूश होईल. कढत पाणी होतंच. मी घालत गेले, ते घेत गेलं. काचेसारखं स्वच्छ द्रावण. मी स्वतःवर खूश. ते कॅन व्यापाऱ्याच्या गोदामात पडून राहिले आणि शेतात पोचले ऐन थंडीत. फैजपूरकडून एक शेतकरी भाऊ कॅन घेऊनच आले.

"ताई, तुमच्या खतात साखर बसली."

कॅनच्या तळाला चार बोटं सुया. लांब, चमकणाऱ्या. आणि त्या भाऊंनी, त्यांच्या गल्लीतल्या अजून दोघांनी, काय केलं होतं? वरचं पाणी ठिबकला सोडलं आणि तळाचा "कचरा" बांधावर ओतून दिला. म्हणजे खत बांधावरच्या गवताला आणि पाणी केळीला.

मी रडायच्या बेतात होते. तुम्ही रागावला नाहीत. भाऊंना चहा पाजला, कॅन उन्हात ठेवला, दुपारी कोमट पाण्याच्या घमेल्यात बसवला आणि हलवत राहिलात. सुया गेल्या. भाऊ म्हणाले, "नाना, जादू करता का?" तुम्ही म्हणालात, "जादू त्या बाईने मे महिन्यात केली, मी फक्त उलटी फिरवली."

ते गेल्यावर मला विचारलंत, "उन्हाळ्यात बनवताना हिवाळा इसरनी का?"

मी कॅनचं झाकण घट्ट करत राहिले.

"साधं मीठ सरळ माणसासारखं असतं, थंड-गरम सारखंच विरघळतं. हे तसं नाही. याला वर्षातल्या सगळ्यात गार पहाटेचं माप लावायचं."

तुम्ही खडूने दारावर तेच लिहिलंत. 'सगळ्यात गार पहाट.' ते अक्षर मी निघाले तेव्हाही होतं. मी आज जे काही मोजते त्यात ते तीन शब्द असतात, नाना. पण एवढ्यासाठी तुमचे आभार कधी मानल्याचं आठवत नाही. मानले असते तर तुम्ही म्हणाला असतात, काम कर.

फैजपूरचंच दुसरं एक आठवतं. केळी पिकवायच्या थंड खोल्या असलेले एक शेठ होते, राजस्थानातून तीन पिढ्यांपूर्वी आलेलं घर. त्यांची केळी पिकताना सुकत होती, देठ काळे पडत होते, आणि भिंतीवरचं हवेची ओल दाखवणारं काट्याचं मीटर नव्वद सांगत होतं. त्यांनी तुम्हाला बोलावलं, तुम्ही मला बरोबर घेतलंत. तिथे गेल्यावर तुम्ही माझा जेवणाचा डबा मागितलात. मी भाकरी कागदावर काढून ठेवली. तुम्ही डब्यात मूठभर मीठ घातलंत, ते भिजेल एवढंच पाणी शिंपडलंत, वर जाळी, जाळीवर मीटर, आणि झाकण लावून टाकलं.

शेठ बघत होते. "नाना, मीटरचं लोणचं घालताय का?"

"लोणच्याला तेल लागतं, शेठ. हे नुसतं मीठ आहे."

"किती दिवस मुरवायचं?"

"आज दिवसभर. संध्याकाळी उघडू."

संध्याकाळी झाकण काढताना तुम्ही मला बजावलंत, श्वास सोडू नकोस, श्वासात ओल असते. मी श्वास धरून वाकले. अठ्ठ्याऐंशी. तुम्ही म्हणालात, ओल्या मिठावरच्या बंद हवेत पंचाहत्तरच हवं, इथे, दिल्लीत, विलायतेत, कुठेही. मीठ मूठभर घ्या की पोतं घ्या, पंचाहत्तर. म्हणजे मीटर तेराने पुढे पळत होतं आणि खोली कोरडी होती.

"म्हणजे हे मशीन खोटं बोलतं," शेठ म्हणाले.

"खोटं नाही, चुकतं. खोटं बोलायला अक्कल लागते."

परतीच्या एसटीत मी विचारलं की मिठाला पंचाहत्तर कोण सांगतं. तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, पाण्याला सारखं वाफ होऊन उडायचं असतं. त्यात मीठ विरघळलं की उडणारं पाणी कमी होतं, जितकं दाट तितकं कमी. उडायचा त्याचा जोर उतरतो. पाणी आणखी मीठ घेईनासं झालं की तो जोर एका जागी ठरतो. हवेत त्याहून कमी वाफ असेल तर बशी वाळेल. जास्त असेल तर उलटी गाडी, बशी हवेतलं पाणी पिईल. प्रत्येक मिठाचा आकडा वेगळा.

त्यावरूनच आपलं भांडण सुरू झालं. कारखान्यात नमुना म्हणून एक पिशवी आली होती, मॅग्नेशियम क्लोराईड नावाच्या दुसऱ्या एका मिठाची. पिशवीवर कच्छच्या किनाऱ्याचा पत्ता होता. तुम्ही त्याचं दाट द्रावण बशीत घालून खिडकीत ठेवलंत आणि म्हणालात, "ही बशी वाळायची नाही." तेव्हा पावसाळी हवा होती. बशी वाळणं सोडाच, भरत चालली. चौथ्या दिवशी कठड्यावरून थेंब खाली. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की जणू तुम्हीच ती भरलीत.

"मे महिना येऊ द्या," मी म्हणाले. "जळगावच्या मेमध्ये माणूस वाळतो, बशी काय वाळणार नाही."

"नही वाळनार."

"वाळणार."

"पैज?"

"पैज कशाला, नाना. बघूच."

पण तो मे मी पाहिला नाही. त्याआधी आमच्या ह्यांना इथे मिठागरावर पंप चालवायचं काम लागलं. तुम्ही इथल्या प्रयोगशाळेतल्या तुमच्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केलात. "बाई आठवी आहे, पण तिचं रीडिंग चुकत नाही." एवढ्या एका वाक्यावर मला आत घेतलं. ज्या किनाऱ्यावरून ती पिशवी आली होती तिथेच मी आले. आता मी आगरात हिंडून पाण्याची डिग्री, म्हणजे त्याचा खारट दाटपणा, मोजते. समुद्राचं पाणी तीन डिग्रीला आत येतं, पंचविसाला मीठ धरू लागतं, तिसाच्या आत उरलेलं कडू पाणी सोडून द्यावं लागतं, नाहीतर मीठ खराब. जसजसं दाट होतं तसतसं वाळणं मंद होत जातं. पहिलं पाणी बघता बघता उतरतं, शेवटचं हटून बसतं. ते बघताना दरवेळी तुम्ही एसटीतले आठवता.

आणि दर मेमध्ये फोन. "वाळली का?" "नही." तुम्ही निवृत्तीतूनही निवृत्त झालात, बशी घरी नेलीत, तरी तेच. "वाळली का?" "ओलीच शे."

आता सांगायचं राहिलेलं सांगते. दोन वर्षांपूर्वी मी इथेही खिडकीत त्याच मिठाची बशी ठेवली. समुद्राची हवा दमट, ती कधी वाळलीच नाही. मग एकदा दोन दिवस कच्छच्या कोरड्या रणाकडून वारा सुटला. आमचं मीटर, लोणचं घालून तपासलेलं, पंचवीसवर उतरलं, आणि बशीवर पांढरी साय धरली. वारा फिरला, आकडा चाळीसवर गेला, साय विरघळली. तेव्हा मला कळलं की त्या मिठाचा आकडा तिशीच्या जरा वर आहे. जळगावात मेच्या दुपारी हवेची ओल त्याच्या कितीतरी खाली असते. म्हणजे तुमची बशी वाळायलाच हवी. म्हणजे आपण दोघं बरोबर, तुम्ही पावसाळ्यात, मी उन्हाळ्यात.

मी हे तुम्हाला फोनवर सांगितलं नाही. पुढच्या मेमध्ये पुन्हा विचारलं, तुम्ही पुन्हा ओली म्हणालात. मला वाटलं, नजर अधू झाली असेल. चूक काढायची हिंमत झाली नाही.

कल्पनाक्काने पाठवलेल्या फोटोत बशी कोरडी आहे. पांढरी, तडकलेली, कडेला कळ्यांसारखे खडे. मी तिला फोन करून विचारलं, ही कधीपासून अशी.

"नाना गेले त्यानंतर," ती म्हणाली. "आधी रोज दुपारी जेवण झालं की ड्रॉपर घेऊन बसायचे. चार-सहा थेंब पाणी. मी विचारलं, हे काय, तर म्हणाले, तिले तहान लागस. पडून होते तेव्हा मलाच घालायला लावलं. मला वाटलं म्हातारपणाचा चाळा. मंगळवारनंतर कोण घालतंय?"

मी फोन कानापासून काढून फोटो पुन्हा उघडला.

"का गं मंगल, काही चुकलं का माझं?"

"नाही अक्का. बरोबर केलंस."

तुम्ही एका रीडिंगसाठी माझ्यावर ओरडलात, नाना. आकड्याचं एक घर इकडचं तिकडं लिहिलं तर वही फेकलीत. आणि दर मेमध्ये बशीत पाणी घालून मला खोटं रीडिंग देत होतात. त्याचा राग यायला हवा. मी दोन दिवस बघितलं, येत नाही. कारण मी तुम्हाला त्याहून मोठं खोटं सांगितलंय.

काल पाकीट उघडलं. आत माझा शाळा सोडल्याचा दाखला. पहूरच्या शाळेत तीन खेटे घालून तुम्ही तो काढला होता. आणि त्याखाली दहावीचं हॉल तिकीट, घडी न घातलेलं. मी जळगावला असताना तुम्ही माझा सतरा नंबरचा फॉर्म भरला होता, बाहेरून परीक्षेला बसायचा. वर्षभर जेवणाच्या सुट्टीत भूमिती शिकवली होती. पहिला पेपर मराठीचा. मी सकाळी केंद्राच्या गेटपर्यंत गेले. गणवेशातली पोरं, त्यांच्या हातावर दही-साखर ठेवणाऱ्या आया. एक आई मला म्हणाली, "तुमचा मुलगा कोणत्या वर्गात बसलाय?" मी म्हणाले, दुसऱ्या मजल्यावर. आणि मागे फिरले. एसटी स्टँडवर तीन तास बसून घरी गेले. तुम्हाला निरोप पाठवला की ताप आलाय.

संध्याकाळी तुम्ही मोसंबी घेऊन आलात. मी गोधडी पांघरून पडले होते. तुम्ही कपाळाला हात लावलात. ज्या माणसाला पिंपाला हात लावून पाण्याची गरमी कळायची, त्याला माझं कपाळ कळलं नसेल? तुम्ही म्हणालात, "उतरला वाटतं." मोसंबी ठेवलीत आणि गेलात. दुसऱ्या पेपरचा विषय काढला नाहीत, कधीच नाही. हॉल तिकीट मात्र मागून घेतलंत, म्हणालात माझ्याकडे राहू दे. तुम्हाला माहीत होतं का, हे विचारायचं राहिलं. आता कोणाला विचारू.

आणि सुट्टी मागायला का घाबरले ते. इथे नवे साहेब आलेत. माणूस वाईट नाही. म्हणाले, "काम तुमचं चांगलं आहे, पण प्रयोगशाळेतल्या प्रत्येकाचा दहावीचा कागद फाइलला हवा. पुढच्या वर्षीचा हंगाम सुरू व्हायच्या आत आणा. नाहीतर पॅकिंगला जावं लागेल." पॅकिंग म्हणजे पिशव्या भरणं. काम वाईट नाही, मी कॅन धुतलेली बाई आहे. पण पुन्हा कोणी मला पाण्याबद्दल विचारणार नाही. सुट्टी मागायला समोर गेले असते तर साहेबांनी आधी कागदच विचारला असता. हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं, कारण तुम्ही लगेच फॉर्मचं काढलं असतंत, आणि मला गेट आठवलं असतं. तेव्हापासून हायड्रोमीटर, डिग्री दाखवणारी ती काचेची नळी, पाण्यात सोडली की स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा बसत नाही. रीडिंग तीन-तीनदा घेते.

हे सगळं मी काल कल्पनाक्काला सांगून टाकलं. गेट, ताप, मोसंबी, साहेब. मग ती म्हणाली, "फॉर्म लवकरच निघतील. माझ्या शाळेतूनच भर. परीक्षेला धुळ्याला माझ्याकडे राहायचं. गेटपर्यंत मी येणार."

"अक्का, मी चाळिशीला आले."

"मग? पेपर तुला वय विचारणार आहे का? आणि कोणी विचारलं मुलगा कुठे बसलाय, तर मी सांगेन, मुलगी बसलीये, ही. मागे फिरलीस तर आत ढकलेन. मी रोज साठ पोरं ढकलते."

मी तिला म्हटलं, तुझं हे कसं फेडू. ती म्हणाली, "नाना त्या बशीत काय बघायचे ते मला कधी कळलं नाही. मी भाषा शिकवणारी. लहानपणी विचारलं तर सांगायला बसायचे आणि मी पळून जायची. मग मोठी झाले, विचारायचं राहून गेलं. तू सांगशील?"

तर नाना, दाखला फॉर्मसाठी परत तिच्याकडे पाठवला आहे. हॉल तिकीट माझ्याकडे ठेवलं आहे. बशी कपाटात ठेवू नकोस, खिडकीतच राहू दे, पाणी घालू नकोस, असं तिला सांगितलं आहे. हवा ओली झाली की ती आपोआप भिजेल, घाबरू नकोस, असंही सांगितलं आहे. माझी भीती अजून गेलेली नाही. आज सकाळी एकोणतीस डिग्री तीनदा मोजली, तिन्ही वेळा एकोणतीस.

परीक्षा मार्चमध्ये. शेवटचा पेपर झाला की मी धुळ्याला अजून दोन दिवस राहणार आहे. कल्पनाक्काच्या स्वयंपाकघरात एका जुन्या पातेल्यात गरम पाणी घेईन, त्यात ते पांढरं खत ढवळीन, तिचा हात धरून पातेल्याला लावीन आणि विचारीन, काय लागतं. तिथून सुरुवात करून बशीपर्यंत येईन. तुम्ही मला सांगितलं तेवढं सगळं तिला सांगीन, एकही पायरी न गाळता. तिचं देणं मी असं फेडणार आहे.